मानाला ठेवलेला फोन

माणसाने कालवं खावीत, फोडू नयेत. निदान ज्याची सरकारी नोकरी उजव्या हाताच्या एका बोटावर उभी आहे, त्याने तरी फोडू नयेत. माझी बायको संध्या दोनदा म्हणाली, "ठेवा ते, मी करते." मी ठेवणारही होतो. पण आमचे शेजारी बाबाजी आग्रे मधल्या दगडी गडग्यावरून डोकावून म्हणाले, "रूपेश, तुला काय ता जमायचा नाय." झालं. कोयती कालवाच्या शिंपल्यावरून सटकली, मी ती झेलायला गेलो आणि ती थेट माझ्या उजव्या तर्जनीवर बसली. तीन टाके पडले.

दुसऱ्या कुणाचं बोट कापलं तर त्याची नऊ बोटं उरतात. माझं तसं नाही. मी रूपेश गोरिवले, रत्नागिरीतल्या एका सरकारी कार्यालयात आवक-जावकचा वरिष्ठ लिपिक. गेली बावीस वर्षं मी सगळा पत्रव्यवहार त्या एका तर्जनीने टाइप करत आलोय. बाकीची नऊ बोटं तेव्हा नुसती हजेरी लावून असतात. सरकारी कार्यालयात हे प्रमाण तसं वाईट नाही, पण त्या एकाला पट्टी बांधली की विभागच बंद पडतो.

त्यातून आमच्या मोहिते मॅडम. बाई साताऱ्याकडच्या, सरळ बोलणाऱ्या. त्यांनी आल्या आल्या सत्तेचाळीस जणांचा एक ग्रुप काढला आणि फर्मान सोडलं की ग्रुपवर नाव घेऊन विचारलेल्या प्रश्नाला दहा मिनिटांत उत्तर आलं पाहिजे, रविवार असला तरी. नाही आलं तर कारणे दाखवा. डाव्या हाताने मला 'होय मॅडम' लिहायला चार मिनिटं लागत होती, आणि त्यात दोनदा बोट चुकून केळ्याचं चित्र जायचं. मॅडमना केळं पाठवणारा लिपिक म्हणून निवृत्त व्हायची माझी इच्छा नव्हती.

"अहो, मग बोला ना त्याच्याशी," संध्या म्हणाली. ती आमच्या वाडीच्या अंगणवाडीत सेविका आहे. तिची सगळी माहिती फोनवर बोलून भरते ती. "बोललेलं लिहून पाठवणारी बाई असते आत. मी चालू करून देते."

तिने चालू करून दिलं. पहिल्यांदा आपला आवाज ओळखीचा व्हावा म्हणून तीन वेळा हाक मारायची असते. अनोळखी बाईला एकदम नुसत्या नावाने हाक कशी मारायची? मी घसा साफ केला, नमस्कार म्हटलं, आणि म्हणालो, "अहो बाई, सवड असेल तर एक मेसेज लिहून घेता का?"

संध्या बघतच राहिली. "सवड असेल तर? मला कधी विचारलंत सवड आहे का म्हणून? फोनला अहो-जाहो करताय!"

"पहिलीच ओळख आहे गं," मी म्हणालो.

पण बाई गुणाची निघाली. ती विचारायची, "काय लिहू?" आपण बोलायचं. बोलून थांबलो की लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवायची आणि विचारायची, "पाठवू का?" होय म्हटलं की पाठवायची, नको म्हटलं की पुसून टाकायची. शिवाय दहा मिनिटांच्या धाकामुळे संध्याने अशीही सोय करून दिली, की ग्रुपवर काही आलं की बाईने आपणहून मोठ्याने वाचावं आणि विचारावं, "उत्तर देऊ का?" म्हणजे एवढ्या सगळ्या व्यवहारात मला मुख्यतः 'होय' एवढाच शब्द बोलायचा होता. त्या शब्दाचा माझा सराव दांडगा आहे. बावीस वर्षांत मी कुठल्याही साहेबाला दुसरा शब्द वापरलेला नाही.

बाईला ऐकायला अगदी लख्ख येत होतं, हे आधीच सांगून ठेवतो. मशीनला मराठी कळत नाही, काहीच्या बाही लिहिते, असं लोक म्हणतात. खोटं आहे. सगळं कळतं. माझा सगळा घात त्यानेच झाला.

पहिला प्रयोग मी एसटीत केला. पट्टी बदलायला जायचं होतं, म्हणून मॅडमना उशिराचं कळवायचं होतं. मी फोन तोंडाशी धरला. "महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळविण्यात येते की..."

बाजूला हौसा बसली होती. मासे विकून रिकामी पाटी मांडीवर घेऊन. "कोणाशी बोलतोस रे एवढा?"

"साहेबांना मेसेज."

"मग एवढा लांबवतोस कशाला? बोट कापला म्हणून सांग ना."

मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "माननीय घाला हो आधी, महोदया पुरत नाही." पुढच्या सीटवरच्या गृहस्थांचं मत पडलं की अर्धा तास सांगू नये, चांगला तास सांगावा, पट्टीला रांग असते. कंडक्टरने तिकिटं थांबवून रजेचा नियम सांगितला. सार्वजनिक वाहनात शासकीय मसुदा तयार करू नये असा नियम खरं म्हणजे पाहिजे. मी सगळ्यांना गप्प करायच्या विचारात होतो, तेवढ्यात बाईने ते सगळं वाचून "पाठवू का?" म्हटलं, आणि त्याच दमात हौसाने विचारलं, "उद्या सौंदाळे आणू काय तुला?" सौंदाळ्यांना कोण नाही म्हणेल? मी म्हणालो, "होय."

गेला मेसेज. सविनय कळविण्यापासून 'तास सांगा, रांग असते' पर्यंत सगळा. मॅडमचं उत्तर दोन मिनिटांत आलं. "तास घ्या." एवढंच. मी त्या दोन शब्दांत राग किती आणि टोमणा किती याची संध्याकाळपर्यंत फोड करत बसलो.

कार्यालयात वेगळीच तऱ्हा. आस्थापनेच्या टेबलावरचा लवू म्हणाला, "गोरिवले, ऑफिसात बोलून मेसेज पाठवताय, परवानगी घेतलीत?" उगाच कुणी बोट दाखवायला नको, म्हणून मी रीतसर अर्ज केला की बोटाच्या दुखापतीमुळे मी सध्या सहायक वापरत आहे, तरी परवानगी मिळावी. चौथ्या दिवशी अर्ज शेरा मारून परत. 'सहायकाचे पूर्ण नाव, पदनाम व नेमणूक आदेशाची छायांकित प्रत जोडावी.' मी खुलासा जोडला की सदर सहायक फोनमध्ये आहे. त्यावर शेरा आला, 'सहायक कार्यालयात बसत नसल्यास हजेरीचे काय?' तो अर्ज अजून फिरतोय. आवक-जावक माझ्याकडेच असल्याने दर वेळी त्याला नंबर मीच घालतो.

हे सगळं मी गडग्यापाशी बाबाजींना सांगितलं. सांगायला नको होतं. बाबाजी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेत आणि वाडीचे गावकार आहेत, म्हणजे देवाला गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. त्यामुळे बिघडलेली मोटर असो की मोडलेलं लग्न, त्यांच्याकडे उपाय एकच.

"नवीन वस्तू घरात आणलीस, ती देवाच्या कानावर घातलीस काय?" त्यांनी विचारलं.

"फोन जुनाच आहे. बाई नवीन आहे."

"मग बाईला घाल कानावर! या रविवारी तुझ्याकडची राखण आहे ना? नारळाच्या बाजूला तो पण ठेव मानाला. गाऱ्हाण्यात दोन शब्द टाकतो. सुरळीत होईल सगळा."

राखण म्हणजे आमच्या आवाराच्या कोपऱ्यात राखणदाराचा चिऱ्याचा दगड आहे, त्याला वर्षातून एकदा नारळ द्यायचा. वाडीतली वीस-बावीस माणसं जमतात, बाबाजी गाऱ्हाणं घालतात आणि प्रत्येक वाक्याला बाकीचे सगळे 'होय म्हाराजा' म्हणतात. यात एक नियम कडक आहे. मान एकदा मांडला आणि गाऱ्हाणं सुरू झालं, की नारळ फुटेपर्यंत मांडलेल्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही आणि मध्ये दुसरं काही बोलायचं नाही. ज्याची राखण त्याने तर मुळीच नाही. त्याने हात जोडून उभं राहायचं.

रविवारी सकाळी दगडापुढे केळीचं पान मांडलं. त्यावर नारळ, विडा, तांबडी जास्वंद, आणि जास्वंदीला टेकून माझा फोन. "आवाज बंद करा," संध्या म्हणाली. मी म्हटलं, "आणि मॅडमचं काही आलं तर? दहा मिनिटं!" मीच म्हटलं. हे लपवण्यात अर्थ नाही.

बाबाजींनी डोक्याला उपरणं गुंडाळलं आणि सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, चारी सीमांच्या राखणदारा!"

"होय म्हाराजा!"

"आज ह्यो रूपेश गोरिवले तुला वर्षाचा नारळ देता हाय, तो गोड मानून घे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि फोन वाजला. बाई खणखणीत आवाजात बोलायला लागली. "मोहिते मॅडम यांचा मेसेज. मंडणगड येथील रिक्त पदावर बदलीने जाण्यास कोणी स्वेच्छेने तयार आहे का? नाव आजच वर कळवायचे आहे. उत्तर देऊ का?"

मंडणगड म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक, एसटीने पाच तास. ती जागा आठ महिने रिकामी होती आणि सत्तेचाळीस जण आठ महिने तिच्याकडे पाठ करून बसले होते. संध्याची अंगणवाडी इथे, घर इथे, मुलगा केतन कॉलेजला इथे. मी तिकडे खोली घेऊन भात करपवत बसणार आणि ही इकडे एकटी. नको, नको, नको! हे सगळं माझ्या मनात चाललेलं. तोंड मिटलेलं आणि हात जोडलेले.

बाबाजी तरबेज माणूस. एसटीत पंचवीस वर्षं काढलेली, फोनच्या बडबडीने ते थोडेच थांबणार? "या घरावरची इडापिडा टाळ म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" बावीस माणसांनी एका आवाजात सांगितलं.

"काय लिहू?" बाईने विचारलं.

मी एक पाऊल पुढे टाकलं. बाबाजींनी माझ्याकडे असे डोळे वटारले की पाऊल आपणहून मागे आलं. मागून धोंडूबाई पुटपुटली, "मानाला हात लावू नको रे बाबा, गेल्या वर्षी लावलान त्या रावजीचा पाय मोडला."

आणि बाबाजींना नेमका त्याच वेळी सूर लागला. "बा देवा म्हाराजा, ह्यो तुझा लेकरू अडाणी हाय. तू जिथे पाठवशील तिथे जायाला आणि जसा ठेवशील तसा राहायाला तयार हाय. त्याच्या वाटेत कोण आडवा येत असेल त्याला बाजूला कर. काय चुकला-माकला असेल ता पोटात घाल, आणि त्याला तुझ्या पायाशी जागा दे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

मग गाऱ्हाण्यात घेतात तसा बाबाजींनी श्वास घेतला. सगळीकडे शांत. त्या शांततेत बाईने अख्खं गाऱ्हाणं वाचून दाखवलं. एका अक्षराची चूक नाही. अडाणी लेकरू, जिथे पाठवशील तिथे, सगळं. आणि मग म्हणाली, "पाठवू का?"

"नको!" मी ओरडलो. नियम, राखणदार, रावजीचा पाय, सगळं विसरून ओरडलो. पण बाबाजींनी त्याच क्षणाला "सांभाळ कर म्हाराजा!" म्हटलं होतं, आणि माझा एकट्याचा 'नको' बावीस जणांच्या 'होय म्हाराजा' खाली कुठे गेला ते मलाही ऐकू आलं नाही.

"पाठवला," बाई म्हणाली.

नारळ फुटला. मी फोनवर झडप घातली. गाऱ्हाणं ग्रुपवर होतं. पुसून टाकायला डाव्या हाताचा अंगठा मारला तर दोन पर्याय आले. घाईत कुठला दाबला ते नंतर कळलं. मेसेज माझ्यापुरता पुसला गेला. म्हणजे तो आता उरलेल्या सेहेचाळीस जणांना दिसत होता, फक्त मला दिसत नव्हता. भराभर टाळ्यांची, जोडलेल्या हातांची चित्रं यायला लागली. लवूने लिहिलं, 'गोरिवलेसाहेब, कार्यालयाला अभिमान आहे.' आठ महिने मंडणगड ज्यांच्या डोक्यावर टांगलेलं होतं, त्यांना अभिमान वाटणारच. सगळ्यात शेवटी मॅडमचं. 'उद्या अकराला भेटा.'

"बघ," बाबाजी खोबरं वाटत म्हणाले, "चालू झाला की नाय सुरळीत?"

संध्या खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "उद्या मॅडमना सांगा, चुकून गेलंय. मला नाही जमायचं तुमच्याशिवाय. काय सांगाल?"

"नाही म्हणून सांगेन," मी म्हणालो. आणि त्या वेळी मला तसं खरंच वाटत होतं.

सोमवारी अकराला मी केबिनमध्ये गेलो. रात्रभर वाक्य पाठ केलं होतं. 'मॅडम, मी जाणार नाही.' चार शब्द. मॅडमनी मला बसायला सांगितलं. बावीस वर्षांत केबिनमध्ये मला कोणी बसायला सांगितलं नव्हतं. माझे दोन शब्द तिथेच गळले.

"गोरिवले, मला तुमची इकडची भाषा पूर्ण कळली नाही," मॅडम म्हणाल्या, "पण आठ महिन्यांत मला एकच उत्तर आलं, तुमचं. बाकी कोणी 'नाही' सुद्धा लिहिलं नाही. मी वर सांगितलं, माझ्याकडे एक तरी माणूस आहे. आदेश दुपारी निघेल. पण आधी विचारते. मनापासून तयार आहात ना?"

संधी ती हीच. दार सताड उघडं होतं. तिथे ना बाबाजी होते, ना बावीस माणसं, ना फोनमधली बाई. मी एकटा होतो आणि खोलीत चांगली शांतता होती. मी तोंड उघडलं.

"होय मॅडम," मी म्हणालो.

घरी आलो तेव्हा संध्या अंगणवाडीची वजनाची वही पुरी करत होती. माझं तोंड बघूनच तिने पेन खाली ठेवलं. "सांगितलंत?"

मी सगळं सांगितलं. बसायला सांगितल्याचंसुद्धा सांगितलं, म्हटलं तेवढंच तिला बरं वाटेल. नाही वाटलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि मग राग आला. रागच जास्त होता. "म्हणजे काल ते चुकून गेलं म्हणून मी वाडीला बोल लावत बसले, आणि आज तुम्ही स्वतःच्या तोंडाने होय म्हणून आलात? तो फोन काढा."

"आत्ता? अगं, आदेश निघाला असेल. सरकारी काम आहे, असं नाही म्हणता येत."

"काढा. आणि त्या बाईला मध्ये घेऊ नका. तुम्ही बोला."

नंबर तिनेच लावला. पलीकडे घंटा वाजायला लागली. मी भिंतीला टेकलो. मॅडमनी उचलला. "बोला गोरिवले."

"मॅडम," मी म्हणालो. संध्या माझ्यासमोर उभी. "मॅडम, मी... मला नाही जायचं. मंडणगडला. तो मेसेज आमच्याकडच्या गाऱ्हाण्याचा होता, चुकून गेला. आणि सकाळी मी होय म्हटलं ते... ते पण चुकून. माझं घर इथे आहे. मी जाणार नाही."

मी डोळे मिटून घेतले. कारणे दाखवा, निलंबन, खातेनिहाय चौकशी, सगळं एकामागून एक दिसून गेलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आदेशावर सही व्हायची आहे अजून, थांबवते. पण सकाळी विचारलं तेव्हा सांगायचं होतंत. ठेवू?" आणि त्यांनी ठेवला.

मी फोन खाली घेतला. खरं सांगतो, रडू यायच्या बेतात होतं.

"काय म्हणाल्या?" संध्याने विचारलं.

"बरं म्हणाल्या."

"ओरडल्या नाहीत?"

"नाही."

"नुसतं बरं?"

"नुसतं बरं," मी म्हणालो. मला हसू फुटलं. मला वाटलं, आता चहा होईल, कदाचित सोबत काहीतरी गोडही होईल. पण संध्या हसत नव्हती. ती खुर्चीवर बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मग केतन झाला तेव्हा," ती सावकाश म्हणाली, "तीन दिवस तुम्ही गुहागरला तपासणीवर होतात. ते का?"

"अगं, तेव्हाचे साहेब वेगळे होते. ते सोडत नसत."

"आणि मालनच्या लग्नात? माझी एकुलती एक बहीण. अक्षता पडल्यावर आलात तुम्ही."

"तेव्हा वर्षअखेर होती गं..."

"आणि माझे अप्पा गेले तेव्हा? बाराव्याला पोचलात. मी दारात वाट बघत बसायचे. सगळे विचारायचे, जावई कुठे, तर मी सांगायचे, सोडत नाहीत हो त्यांना, सरकारी काम आहे." तिचा आवाज जराही चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "सोडत नव्हते, की तुम्ही कधी विचारलंच नाहीत?"

मी मग खरं तेच सांगितलं.

"विचारलंच नाही," मी म्हणालो.

तिने वही उचलली आणि आत गेली. चहा काही झाला नाही. मी तसाच भिंतीला टेकून उभा राहिलो. मॅडमनी सही थांबवली होती, म्हणजे मंडणगडची जागा अजून रिकामीच होती, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी ती मला फारशी लांब वाटली नाही.